गादीच्या कडेचा खळगा

सोमवार, ३ तारीख
धाकटीकडे सुखरूप पोचलो. बहीण पन्नाशीची झाली, तरी मला ती धाकटीच. दोन खोल्यांचं घर, पण उजेड भरपूर. खिडकीतून समोरची बस-दुरुस्तीची शेड दिसते. मेव्हणे जाऊन सहा वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हापासून ती एकटीच, आणि तेव्हापासूनच तिला ना धड झोप, ना जेवण. डॉक्टर तिला म्हणाले, झोप गेली की मन खचतं, मन खचलं की उरलीसुरली झोप जाते. आधी काय बिघडलं हे शोधत बसू नका, सोबतीला कुणी बोलवा. म्हणून मी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं चाळीस वर्षं गाद्या भरता भरता कापसानं शिकवलं. माझी कापूस पिंजायची धुनकी बघून म्हणाली, दादा, राहायला आलास की कारखाना काढायला? हसली. बरं वाटलं.

मंगळवार, ४
तिची गादी उघडली. माणूस खोटं बोलेल, गादी बोलत नाही. कोण कुशीवर निजतं, कोण भिंतीकडे सरकतं, सगळं दबलेल्या कापसात दिसतं. धाकटीची खूण मधोमध, मांजरानं अंग चोरून घ्यावं तशी. पण उशाकडच्या कडेला खोल खळगा होता, कुणी भारदस्त माणूस तासन्‌तास बसावा तसा. इथं बसतं कोण, विचारलं. म्हणाली, कोण बसणार, माझी मीच जड झालेय. कापूस पिंजला, दाभणानं नवे टाके घातले. गादी फुगून टम्म.

गुरुवार, ६
खळगा परत. दोन दिवसांत कापूस इतका दबत नाही. धाकटी काटकुळी, तिच्या वजनानं तर नाहीच. शंकेची पाल चुकचुकली. घरात कुणी येतं का? दाराची कडी मीच आतून लावतो. शेवटी गाद्या बदलल्या. माझी तिला दिली, तिची मी घेतली. चोर आपल्याच अंथरुणाशी पकडावा म्हटलं.

रविवार, ९
धाकटी तीन दिवस आठ-आठ तास झोपतेय. दोनदा वाढून घेते, कपडे वाळत घालताना गुणगुणते. माझा डोळ्याला डोळा नाही. गादीची कड खचते आणि मी त्या बाजूला कलंडतो. बघतो तर कुणी नाही. सकाळी खळग्यात हात ठेवला. ऊब होती.

बुधवार, १२
गादी उसवून कापूस उन्हात पसरला, जमिनीवर सतरंजी टाकून निजलो. सकाळी सतरंजीच्या कडेला तीच खूण. म्हणजे दोष गादीचा नाही.
दाभणात दोरा ओवायचा तर डोंगर चढल्यासारखं होतं. चहा समोर गार होतो. परत जावं म्हणतो, पण पिशवी भरायला हात उचलत नाहीत.

शुक्रवार, १४
धाकटीला खोदून विचारलं. मान खाली घालून म्हणाली, आधी सासूबाईंची झोप उडाली होती. मी सोबतीला निजायला लागले, तशा त्या झोपू लागल्या. आता थोरल्याकडे ठणठणीत आहेत. मग माझी—
हे ठाऊक असून मला बोलावलंस?
भांडी घासत राहिली. शेवटचं पातेलं पालथं घालून म्हणाली, दादा, तुझी काळजी मला नाही का? चिमणीला कळवलंय, ती येतेय.
चिमणी. माझी एकुलती एक लेक.

शनिवार, १५
फोन केला. येऊ नकोस म्हटलं. म्हणाली, बाबा, तुमचा आवाजच सांगतोय, यायला हवं. जितकं नको म्हणतो, तितकी ती—

रविवार, १६
आली. सगळं सांगितलं. झोप नसली की मन असंच भलतंसलतं दाखवतं, म्हणते. माझ्याच खोलीत गादी घातलीय तिनं. काही झालं तरी आज डोळा मिटायचा नाही. मी जागा राहिलो तर ते माझ्यापाशीच—

सोमवार, १७
झोपलो. गाढ. आठ वाजलेत. भूक लागलीय.
चिमणी खिडकीशी बसलीय. चहा गार झालाय. विचारलं तर म्हणाली, काही नाही बाबा, नवी जागा, झोप लागली नाही.
तिच्या गादीच्या कडेला हात ठेवला. अजून ऊब—