पैलवान कोणत्या बाजूने आला

रविवार, १९ एप्रिल

आत्या,

पाया पडते. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळव. इकडे आईची तब्येत बरी, कांदा काढून झाला, आणि नाना इतके मजेत आहेत की त्यांच्याकडे बघवत नाही. मी दोन दिवसांसाठी अवसरीहून घरी आले आहे. होस्टेलवर अभ्यास होत नाही असं आईला सांगितलं. ते खरं नाही, पण त्याकडे नंतर येते.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी तुला फेब्रुवारीतल्या सायकल शर्यतीची हकीकत कळवली होती. त्यात लिहिलं होतं की साळुबाईच्या टपरीवरचं काळं कुत्रं रस्त्यात आलं आणि एक परदेशी सायकलवाला पडला. कुत्रं काळं नाही, तांबडं आहे. मागच्या पायाने लंगडतं, बरगड्या लांबून मोजता येतात, आणि नाव पैलवान. शर्यत आपल्या फाट्यावरून जायला पंधरा मिनिटं लागली असंही लिहिलं होतं. पुढच्या मोटरसायकली, मागच्या गाड्या आणि अँब्युलन्स धरून ते बरोबर आहे. नुसत्या सायकली धरल्या तर बावन्न सेकंद.

त्यावर तू पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिलीस : ‘कुत्रं डावीकडून आलं की उजवीकडून, ते लिहायचं राहिलं.’ ते कार्ड सहा आठवडे माझ्या वहीत आहे. मी दोनदा उत्तर लिहिलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही फाडली.

त्या बावन्न सेकंदांसाठी आपल्या गावाने काय काय केलं ते तुला नीट सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं त्या रस्त्याला डांबर माहीत नव्हतं. बाळंतिणीला जीपमधून नारायणगावला नेताना तिचे काय हाल व्हायचे ते सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि पाहून सगळे गप्प बसले आहेत. पण पाहुण्यांची चाकं बोटाएवढी बारीक, त्यांना खड्डा सोसत नाही म्हटल्यावर वीस दिवसांत रस्ता असा झाला की त्यावर पापड वाळत घालावेत. गावाला याची लाज वाटली नाही. गावाला अभिमान वाटला.

उपसरपंच या नात्याने नानांनी वळणावर मांडव घातला. फ्लेक्सवर नाना पुरुषभर उंच आणि खाली वीतभर सायकल, तीही उलटी छापलेली, साखळी डाव्या बाजूला. मी ते दाखवलं तर म्हणाले, सायकल कोण बघतंय.

सकाळी सातपासून लोक येऊन बसले होते. म्हातारे भिमाजी आपल्या धाकट्या काकांच्या गोरखदादाला विचारत होते, “पयला कोन आला ते हितं कसं कळायचं?”

“हितं कुनी पयला येत न्हाई, बाबा. पाच टप्पे हायेत, पाच दिस पळवत्यात. रोजची येळ मांडायची आन् शेवटी बेरीज. ज्याची येळ कमी त्यो जितला.”

“म्हंजी हितनं निस्तंच जायाचं?”

“निस्तंच.”

“मंग येवढा मांडव कशापायी, राव?”

“पावण्यांला नाना बगाया मिळावं म्हनून.”

त्या दिवशी गावात कुणी खरं बोललं असेल तर ते एवढंच.

मी त्या वळणावर मार्शल होते, हे तुला माहीत आहे. आदल्या रविवारी मंचरला आम्हा मुलामुलींना शिकवलं होतं. पिवळं जाकीट, शिट्टी, पिवळा झेंडा. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, घोळक्यात मागच्याला रस्ता दिसतच नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते, त्याचे डोळे तुम्ही. रस्त्यावर काहीही नको. बाटली नको, कागद नको, फूल नको. आणि एका टप्प्यात जो पडून थांबला त्याची पुढची सगळी शर्यत गेली, त्याला दुसऱ्या दिवशी निघता येत नाही. मी हे वहीत लिहून घेतलं. शाळेत घालायच्या आधी तू ओसरीवर पाटी घेऊन मला शिकवलंस, तेव्हापासून मी सगळं लिहूनच घेते.

त्याप्रमाणे मी सकाळपासून काम केलं. वळणावरच्या मोटरसायकली हलवल्या. मुलांना दोरीमागे बसवलं. साळुबाईला सांगितलं, पैलवानला बांध. तिने त्याला टपरीच्या मागच्या खांबाला सुतळीने बांधलं. मी स्वतः जाऊन गाठ ओढून बघितली.

म्हणजे आत्या, तो डावीकडून आला नाही आणि उजवीकडूनही आला नाही.

रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या होत्या.

झेंडू आपल्याच रानातला. चार पाट्या. आदल्या दिवशी आई आणि शेजारची झुंबरबाई पाकळ्या मोकळ्या करत बसल्या होत्या, तेव्हाच मी नानांना सांगितलं की फुलं टाकायला मनाई आहे, चाक घसरतं.

“आगं, पावणं सातासमुद्रापल्याडनं आल्यालं. दोन फुलं अंगावर पडली तर काय मरत्यात व्हय?”

“नाना, वळणावर ओली पाकळी असली की—”

“फुलानं मानूस पडतंय! आयका, आयका. ही इंजिनेर व्हनार!”

ओसरीवर सगळे हसले. आईही हसली. मग पाकळ्या ताज्या राहाव्यात म्हणून तिने पाट्यांवर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी घोळका आला तो फवारणीचा पंप सुरू झाल्यासारखा आवाज करत. पहिले वीस-तीस वळून गेले. मधल्या एकाचं पुढचं चाक बाजूला सरकलं, कुणी ओढून घेतल्यासारखं, आणि तो खांद्यावर पडला. मागचे त्याला चुकवून गेले. कसे गेले ते मला अजून कळत नाही. मांडवात टाळ्या चालूच होत्या. काही लोकांना वाटलं, हा शर्यतीचाच भाग आहे.

वीस-बावीस वर्षांचा असेल. उजव्या हाताने डावा दंड धरून रस्त्यात बसला होता. मांडी सोलली होती आणि रक्ताला पाकळ्या चिकटल्या होत्या. मी माझी ओढणी त्याच्या गळ्यात बांधून हात अडकवला, तर मला ‘थँक्यू’ म्हणाला. मला, आत्या. नंतर मी मोबाईलवर त्याचं नाव शोधलं. आदल्या दिवसापर्यंतच्या बेरजेत तो नववा होता. त्या दिवसानंतर यादीत त्याच्या नावापुढे वेळ नाही.

अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. शर्यतीचा अधिकारी पुढून गाडी वळवून येईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. तेवढ्यात गोरखदादाने खराटा घेऊन वळण साफ केलं. इतकं चपळ काम आपल्या गावात पूर्वी झालेलं नाही. अधिकाऱ्याने काय झालं विचारलं, आणि नाना मांडवातून ओरडले, “डॉग! डॉग!” इंग्रजी त्यांना तेवढंच येतं आणि ते नेमकं वेळेवर आलं.

मार्शलने काय पाहिलं ते फॉर्मवर लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘कुत्रे रस्त्यात आले.’ सही केली. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

त्याच दिवशी दुपारी गोरखदादाने पैलवानला पिकअपमध्ये घालून घाटघरला नेऊन सोडलं. तिकडच्या रानात लंगड्या कुत्र्याचं काय होतं हे आपल्याकडे लहान पोराला विचारलं तरी सांगेल. साळुबाई दोनदा घाटघरला जाऊन आली. जीप मिळेल तिथपर्यंत जीपने, पुढे पायी, फडक्यात त्याची भाकरी बांधून.

मग मार्चमध्ये साळुबाईला ग्रामपंचायतीची नोटीस आली. टपरीच्या खरकट्यामुळे भटकी कुत्री जमतात, त्यातून आंतरराष्ट्रीय खेळाडूला अपघात झाला, सबब टपरी हटवावी. सोबत माझ्या फॉर्मची प्रत. ठराव महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत यायचा आहे. टपरीच्या जागी चौथरा आणि चौथऱ्यावर स्टीलची सायकल, ‘नानांच्या संकल्पनेतून’. बावन्न सेकंदांचं स्मारक. चित्र मी पाहिलं. साखळी अजून डावीकडेच आहे.

साळुबाईला शेत नाही, मूलबाळ नाही. एकोणीस वर्षं ती त्या टपरीवर चहा आणि भजी करते. टपरी गेली की तिच्याकडे काही उरत नाही. नानांना हे ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. गाव म्हणतं, चौक चांगला दिसंल.

काल मी तिच्याकडे गेले. तिने मला बघून आलं ठेचायला घेतलं.

“बस. परीक्षा कवा हाय?”

“मावशी, पैलवान...”

“घावला न्हाई गं. त्यो काय ऱ्हातोय आता.” मग आल्यावरचा वरवंटा थांबवून म्हणाली, “कल्याणी, म्या सोत्ता बांदला व्हता. गाठ तूबी बगितलीस न्हवं? पन तू लिवलंस म्हंजी सुटला आसंल. तू शिकल्याली. माजं काय, म्हातारीच्या ध्यानात ऱ्हात न्हाई.”

टोमणा नव्हता तो. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. टोमणा असता तर मी चहा पिऊन घरी आले असते.

मी टपरीच्या मागे गेले. खांबाला सुतळी अजून आहे. गाठ जशीच्या तशी. तिच्यापुढे वीतभर टोक लोंबतंय, विळ्याने कापलेलं. पैलवान सुटला नव्हता. त्याला शर्यत संपल्यावर सुतळी कापून नेला. आणि म्हातारीने ती कापलेली सुतळी अडीच महिने रोज बघून माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला.

इथपर्यंत लिहून मी उठले, पाणी प्याले आणि पत्र पहिल्यापासून वाचलं. नानांनी फुलं टाकली असं मी कुठे लिहिलं आहे का ते बघत होते. नाही. ‘पाकळ्या होत्या’ असं लिहिलं आहे. हे तू नक्की पकडलं असतंस आणि आणखी एक पोस्टकार्ड पाठवलं असतंस. ते वाचवते.

घोळका दिसायला लागला तेव्हा मी वळणाच्या तोंडाशी उभी होते. नाना मांडवातून उतरले, पाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “टाक, टाक! फोटू काडत्यात!” मी झेंडा काखेत धरला, दोन्ही हात भरले आणि टाकल्या. दोनदा. शिट्टी तोंडातच होती.

नानांनी माझा हात धरला नाही. ते ओरडलेसुद्धा नाहीत. आदल्या दिवशी ओसरीवर हसले तसे मांडवातले लोक पुन्हा हसतील, एवढंच मला वाटलं. नानांना निदान फोटो हवा होता. मला तोही नको होता.

गंमत म्हणजे हे सगळं गावाच्या खिशात आहे. नानांच्या माणसांनी गाणं लावून स्वागताचा व्हिडिओ केला, पोरगा पडायच्या आधी कापला आणि घरोघर पाठवला. अकराव्या सेकंदाला पिवळ्या जाकिटाच्या दोन बाह्या पाटीतून वर येतात आणि रस्त्यावर फुलं पडतात. पिवळं जाकीट त्या वळणावर एकच होतं. तीनशे लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि खाली हात जोडलेली चित्रं पाठवली. एकानेही बघितला नाही. आपल्या लोकांना पुरावा लपवायची गरज पडत नाही. तो गाण्यात घालून वाटला की झालं.

परीक्षा २५ मेपासून आहे. मी घरी आले ती फॉर्मची प्रत शोधायला. नानांच्या कपाटात, चौथऱ्याच्या चित्राखाली होती. माझ्याकडे आहे आता.

तू पाटीवर मला थुंकी लावून पुसू द्यायची नाहीस. म्हणायचीस, आडवी रेघ मार, खाली बरोबर लिही, म्हणजे कुठं चुकलं ते दिसतं. तसंच करणार आहे. ‘कुत्रे रस्त्यात आले’ यावर एक रेघ, शब्द वाचता येतील अशी. खाली : ‘कुत्रे बांधलेले होते. रस्त्यावर फुले मी टाकली.’ हे ग्रामसभेत उभी राहून वाचेन, सगळ्यांना मोबाईल काढून अकरावा सेकंद बघायला सांगेन आणि साळुबाईला सुतळी दाखवायला सांगेन. शर्यतीच्या कार्यालयाला पाठवायचं पत्र लिहून तयार आहे. ते तिथून सरळ पोस्टात टाकेन. आधी टाकलं तर नानांना कळेल, आणि त्या दिवशी मी आजारी आहे असं ते गावाला सांगतील.

लोक हसतील. फुलानं मानूस पडतंय म्हणतील. अजून बारा दिवस आहेत. तू हे घर का सोडलंस ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ग्रामसभेनंतर मला इथे राहता आलं नाही तर तुझ्याकडे येईन. जिन्यावरून पाणी मी भरत जाईन.

फॉर्मवर केली होती तीच पूर्ण सही करते.

तुझी
कल्याणी नानासाहेब औटी

झेंडावंदन आठला, ग्रामसभा दहाला. शुक्रवार, १ मे.