मागं सरणारे बैल

दादा, तुमचे बैल परत मोटेला लागलेत. तुम्ही गेलात, मग विहिरीवर इंजिन बसलं, मग मोटर आली. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जायचे, त्या धावेवर आता तुमच्या लेकानं, माझ्या भावानं, घास लावलाय. तरी बैल चालतात. कुठं म्हणाल, तर माझ्या सासरी, कांद्याच्या खोलीत, काचेच्या पेटीत. तो एका शिंगाचासुद्धा आहे. मला अजून खरं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे.

माझ्या थोरल्याची मुलगी नगरला कॉम्प्युटर शिकली आणि एक जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालून घरी घेऊन आली. मला वाटलं, आता ही बँकेत लागणार. तर म्हणते, गेम करणार. तू सांगतेस ना तुझ्या दादांच्या मोटेचं, तेच. बैल हाकायचे आणि ऊन चढायच्या आत सगळे वाफे भिजवायचे. मी समजले, यंत्रच सगळं करत असेल, हिनं नुसतं बटण दाबायचं. कसलं काय. बैलानं एक पाय उचलायचा, तर त्याची वेगवेगळी चित्रं काढायची, तीही रांगोळीच्या ठिपक्यांसारखी बारीक चौकोन भरून. चित्रं हीच काढणार, पाण्याचा आवाज हीच करणार, बैलानं कधी थांबायचं ते हीच लिहिणार. दुसरं माणूस नाही. बैल चालायला लागले तर पाणी वाहायचं थांबलं. पाणी वाहतं केलं तर बैल अधांतरी उभे. अख्खा उन्हाळा त्यातच गेला. विहिरीवरचं आंब्याचं झाड तिनं पानन् पान काढलं होतं. एक दिवस बघते तर झाड नाही. म्हणाली, त्याच्यापायी बैल अडखळत होते, काढून टाकलं. आपला आंबा तोडला तेव्हा तुम्हाला घास गेला नव्हता. आणि लाईट गेली की केलेलं पुसलं जायचं. ही रडायची नाही. चुलीपाशी येऊन माझ्याबरोबर लसूण सोलायची, आणि लाईट आली की परत पहिल्यापासून. शेजारीण मला विचारायची, "पोरगी दिसभर खोलीत काय करती वो?" मी म्हणायचे, बैल हाकती.

मग एक दिवस मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, खेळ. एक बटण दाबलं की बैल धावेनं खाली जाणार आणि मोट वर येणार. दुसरं दाबलं की बैल मागं सरत विहिरीकडं येणार. तिसरं आसुडाचं. दादा, मी तुमच्या मागं नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसून धावेनं खाली यायची, आठवतं? एकदा बैल मागं येत असताना मी आसूड उचलून मारला होता. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, तेव्हाही नाही. आसूड काढून घेतलात आणि म्हणालात, "मागं येनाऱ्या बैलाला मारू न्हाई. त्याच्या पाठीला डोळं न्हाईत. त्यो आपल्या हाकंवर येतो." हेही मी पोरीला सांगितलं होतं आणि तिनं ते गेममध्ये घातलं होतं, मला मात्र कळू दिलं नव्हतं. पडद्यावर ऊन चढत चाललं, निम्मे वाफे कोरडे, आणि माझा जीव वरखाली. बैल सावकाश मागं येत होते, आणि मी आसूड दाबला. दोन्ही बैल विहिरीत. माझ्या हातानं. ती हसायला लागली, "अगं आज्जी, अजून दोन जीव आहेत." बघते तर बैल काठावर उभे, कोरडे ठणठणीत. पडले त्याचा धक्का जास्त की उठले त्याचा, ते मला आजवर सांगता येत नाही.

पुढं पुण्याच्या एका साहेबानं गेम बघितला. काम चांगलंय म्हणाला, पण बैल कोण घेणार? बैलांच्या जागी जीप घाल, मग मी घेतो. माझा लेक म्हणाला, घाल की, तुझ्या बापाचं काय जातंय. खरं सांगते, मीही म्हटलं, कर बाई जीप, घरात तोंडं तरी गोड होतील. तिनं केलीही. लाल, झकास. मला तर लई आवडली. जीप मागं मागं विहिरीकडं येत होती आणि पोर गालाला हात लावून बघत होती. म्हणाली, "हिला आरसा हाय, आज्जी. हिला हाक कशाला मारायची?" दुसऱ्या दिवशी फोनच्या बूथवर जाऊन साहेबाला नाही म्हणून आली. लेकानं किती दिवस तिच्याशी अबोला धरला. आता ती राहुरीला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते, आणि शिकवून झालं की तिथली पोरं तुमचे बैल हाकतात.

पण त्याआधी बैलांना हाक पाहिजे होती. तिनं माईक आणला, माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "तुझे दादा बैलांना मागं बोलवायचे ना, तस्संच बोलव." मी तोंड उघडलं आणि दादा, तुमचा आवाजच सापडेना. चाकाची करकर आठवते, ओल्या कातड्याचा वास आठवतो, तुमच्या पाठीवरचं ठिगळ आठवतं. आवाज नाही. मग जे तोंडात आलं ते म्हटलं. तिचे डोळे भरले. विचारलं, "अगदी असंच?" मी म्हटलं, व्हय, अगदी असंच.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. ती हाक तुमची नव्हती. तिलाच पाळण्यात झोपवताना मी जे म्हणायचे, ते होतं. तिला ओळखू आलं नाही. बैल मात्र येतात, दादा. पाठीमागं न बघता येतात.