कपाटातले कागद

शुक्रवार, दिवेलागणीची वेळ

आज मी माणसाच्या हातावर बत्ता हाणला. घरून नेला होता कपाट फोडाले, माणूस नाही.

नात मनीषा मूर्तिजापूरच्या कॉलेजात शिकवते. तिथं पोरं नाहीत, अनुदान नाही, मास्तरायले पगार नाही. उद्या अमरावतीले तिची मुलाखत, अन् नोकरीले लागताना जमा केलेली तिची ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद.

कागद मागाले कॉलेजात गेली तं संस्थेचा अध्यक्ष म्हणे, "मावशी, सोमवारी तपासणी हाय. मास्तर कमी दिसले तं कॉलेजच बंद होते."

"मंग तुह्या बायकोले उभी कर फळ्यापुढं!" म्हटलं, अन् कपाटाच्या काचेवर बत्ता घातला. ऑफिसातला बाबू आडवा आला. दुसरा घाव त्याच्या बोटांवर बसला. काहून आला मधात? फायलीवर रक्त सांडलं, तरी मी गठ्ठा उचललाच.

घरी मनीषानं गठ्ठा सोडला. तिचे कागद निघाले, अन् त्याखाली त्या बाबूचेही. म्हणजे तोही अडकलेलाच. मंग काहून आला मधात?

बत्ता धुतला. उद्या मनीषा अमरावतीले जाईन, अन् मी बाबूच्या घरी. माफी मले मागता येत नाही. त्याचे कागद त्याच्या डाव्या हातात देईन. उजवा मीच फोडला.