१३७.९ वरची घरघर

१ जुलै, सकाळी ९.४०
उपग्रह अकरा मिनिटं डोक्यावर होता. १३७.९ मेगाहर्ट्झवर ढगांचा फोटो थेट खाली पाठवत होता. माझ्या लॅपटॉपवर काय उतरलं? रेघा. रेडिओ कानाला लावला. घरघर. टीव्ही-डिश दुरुस्तीत तीस वर्षं घासलेला कान आहे, फसत नाही. कोणीतरी मुद्दाम करतंय. रविवारी शाळेत अख्ख्या कापडे गावाला फोटो दाखवतो, असं सरपंचबाईंसमोर बोलून बसलोय. नाही उतरला तर अँटेना ओढ्यात फेकीन, असंही.

२ जुलै
शत्रू सापडला. भरत, गिरणीवाला. गिरणी बंद करायला लावली. म्हणाला, गोमाजीशेट, तुमचा उपग्रह भाकऱ्या थापून देनार हाय काय? संताप. घरघर तशीच.

३ जुलै
संकल्प: रागवायचं नाही.
दुपारी: शेजारच्या उज्वलावहिनींच्या मिक्सरवरून रागावलो. इलाज नव्हता. पुतण्या दीपेशचा मुंबईहून फोन. म्हणे, काका, टेन्शन नको घेऊ, ढग मोबाइलवर फ्री दिसतात. फोन आपटला. मोबाइलवरचे ढग शिळे असतात.

५ जुलै
प्लॅन फिट. उद्या साडेनऊला गावाने घरोघरी मेन स्विच पाडायचा. शत्रू कोणीही असो, मेला. लॅपटॉप बॅटरीवर. सगळा विचार केलाय.

६ जुलै, रविवार
मेन पडले. शाळेत जमलेलं गाव चिडीचूप. उपग्रह वर आला आणि घरघर दुप्पट! ओरडलो, कोणाचं काय चालू आहे? पुढे बसलेली म्हातारी प्रयागबाई म्हणाली, अरे, मेन पाडला की तुजंच बल्ब आपोआप पेटतात, नाय काय रे? तूच तर लावलंस घरोघरी.
खिडकीतून पाहिलं. भर सकाळी प्रत्येक घरात लख्ख. लाईट असली की चार्ज होणारे, गेली की पेटणारे माझे गॅरंटीचे बल्ब. म्हणजे घरघर दोन्ही वेळा. शाळेतल्या बल्बाजवळ रेडिओ नेला तर तो किंचाळलाच. गाव हसलं. भरत जरा जास्तच.
ओढ्याला पाणी फार आहे. अँटेनाचं नंतर बघू.

७ जुलै
चूक उपग्रहवाल्यांची. एवढ्या फ्रिक्वेन्सी मोकळ्या पडल्यात, नेमकी माझ्या बल्बांवरचीच कशाला घ्यायची? तरी ठरवलं, गावातले सगळे बल्ब काढायचे. सुरुवात घरापासून. बायको, ठमाबाई, चुलीपुढून उठून बल्बाखाली उभी राहिली. म्हणाली, तुमचा उपग्रह येतो अकरा मिन्टं, लाईट जाते दिसभर. लावा हात.
नाही लावला.
दुपारी दुकानात शेजारच्या उमरठ गावचा हैबती आला. म्हणाला, तो आपोआप पेटणारा बल्ब दे, लय चांगला हाय म्हनतात.
दिला. बाथरूमसाठी आणखी एक मागितला. तोही दिला.