ड्रमच्या स्टुलावरून भाच्याचा नमस्कार

तीर्थरूप आत्यास,

स्टुलावरून उतरून तीन दिवस झाले तरी जो जिन्याचा कठडा धरूनच चालतो, अशा तुझ्या भाच्याचा जमेल तसा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? नवे डॉक्टर तुला घाबरतात का? (मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाईला तपासायचं म्हणजे त्या बिचाऱ्याच्याच नाडीचे ठोके मोजावे लागत असतील.) इकडे सगळे खुशाल आहेत. मी सोडून.

मी ग्रंथालयाच्या तळघरातल्या ध्वनिसंग्रहात काम करतो, हे तुला ठाऊक आहेच. काम मला मानवतं, कारण टेपवरची माणसं उलटून प्रश्न विचारत नाहीत. पण आमच्या प्रमुख बाईंनी मनावर घेतलं की शहरातल्या जुन्या जॅझ वादकांशी बोलून त्यांची वाटचाल, वाजवताना त्यांना कसं काय सुचतं, हे सगळं नोंदवून ठेवावं, आणि त्या कामाला त्यांनी मला जुंपलं. जिवंत माणसांशी बोलायचं! मी बावीस प्रश्न पाठ केले, रेकॉर्डरच्या बॅटऱ्या दोनदा बदलल्या आणि मंगळवारी सकाळी, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर त्यांची तालीम चालते तिथे, जीव मुठीत धरून गेलो.

तिथे तिघं होते. पियानोवाल्या बाई, बासवाले गृहस्थ आणि सॅक्सोफोन वाजवणारे एक आडदांड म्हातारे, ज्यांना बाकीचे दोघं जमादार म्हणतात. कोपऱ्यात चादरीखाली ड्रम होते. सुरुवात बरी झाली. बासवाले तरुणपणी लोकांचं सामान हलवायचं काम करायचे. एकदा हा माणसाएवढा, चार तारांचा बास खांद्यावरून चार मजले चढवला, तर मागवणारा जागा सोडून गेलेला. परत उतरवायचा कंटाळा आला म्हणून तिथेच बसून तार छेडली, त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. (करिअर म्हणतात ते हेच असेल, तर मीही वेळेवर एखादं कपाट उचलून बघायला हवं होतं.) बाईंना विचारलं, वाजवताना चूक झाली तर काय करता? त्या म्हणाल्या, चुकीला हाकलायचं नाही, बसायला खुर्ची द्यायची, थोड्या वेळाने ती घरचीच वाटते. मला हे फार पटलं. मीही माझ्या चुकांना हाकलत नाही, पण त्या बसत नाहीत, नाचतात.

मग मी जमादारांकडे वळलो आणि घात झाला. विचारलं, तुम्हाला स्वतःची शैली कशी सापडली? त्यांनी भुवया उचलल्या (बूट पुसायचे दोन ब्रश समज) आणि मलाच विचारलं, "तू वाजवतोस का?" आत्या, घाबरलो की माझी मान आपोआप हलते, आणि ती नेमकी होकाराचीच हलते. "काय वाजवतोस?" माझी नजर सुटकेची वाट शोधत कोपऱ्यात गेली, आणि त्यांनी तेच उत्तर धरलं. बाई उठल्या, चादर काढून तिची घडी घातली आणि मला ड्रममागच्या स्टुलावर बसवलं.

जॅझमध्ये एक रीत असते. सगळे मिळून गाणं वाजवतात, मग पाळीपाळीने एकेकाला मोकळी जागा देतात. त्या जागेत त्याने त्या क्षणी सुचेल ते एकट्याने वाजवायचं, बाकीच्यांनी हात आवरायचे. (म्हणजे ऐन वेळी सगळ्यांनी साथ सोडायची, आणि याला ते आदर म्हणतात.) तिघं वाजवू लागले. मी काठ्या उचलल्या आणि तशाच धरून राहिलो. हात खाली येईना. माझी पाळी आली, तिघंही थांबले. खोलीत इतकी शांतता की मला माझा आवंढा ऐकू आला (टेपवरही आला आहे, मी तपासलं). आता जमादार मला माडीवरून खाली फेकणार, असं वाटलं. तेवढ्यात ती जागा संपली आणि तिघं नेमके एकाच क्षणी पुन्हा सुरू झाले. गाणं संपल्यावर जमादारांनी रुमालाने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग बाविसाच्या बावीस प्रश्नांची उत्तरं दिली. निघताना बाई म्हणाल्या, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी चारला बागेजवळच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे, काळा कोट घालून या.

कळलं ना काय झालं ते? त्यांना मी कोणी मोठा कलावंत वाटलो! न वाजवणं हीच माझी शैली, अशी त्यांची समजूत झाली! सभागृहात चारशे खुर्च्या आहेत, मी जाऊन मोजून आलो. तिथे माझं बिंग फुटणार. मला जमादारांच्या हाताची भीती वाटते, चारशे लोकांची वाटते, पण सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाईंचा चेहरा तेव्हा कसा होईल याची. दारावर थाप पडली तरी मी टेबलाखाली बघतो, मावेन का म्हणून.

तुझा घाबरट भाचा

ता. क. एवढ्या लांबणीचं कारण असं, की तुझ्या जुन्या इस्पितळातून मला एखाद्या रोगाचं सर्टिफिकेट मिळवून दे. रोग संसर्गजन्य हवा, पण चेहऱ्यावर न दिसणारा.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच पियानोवाल्या बाई तळघरात हजर. मला राहवलं नाही, सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "अहो, काठ्या उलट्या धरल्या होत्यात तुम्ही. आम्हाला तेव्हाच कळलं." ड्रम त्यांच्या नवऱ्याचे. एकतीस वर्षं चौघं एकत्र वाजवत होते. फेब्रुवारीत ते गेले. त्यानंतर चांगले चांगले ड्रमवाले येऊन गेले, पण पाळी आली की प्रत्येक जण वाजवायचा. आणि स्टूल रिकामं ठेवलं, तर बाईंचा हात चालेना. "तुम्ही त्यांच्या जागी बसलात, पण त्यांच्या पाळीला हात लावला नाहीत," त्या म्हणाल्या. "रविवारीही लावू नका, एवढंच मागते." आत्या, मी रडलो. त्याही रडल्या.

ता. क. ३. सर्टिफिकेट नको. पण नवंच संकट उभं राहिलं आहे. काल तालमीला गेलो, तर मला भीतीच वाटेना! दुसऱ्या गाण्याला पाय आपसूक ठेका धरू लागला, आणि माझ्या पाळीला उजवी काठी चार बोटं खाली आली होती. रविवारी ती पडली, तर बाईंना काय तोंड दाखवू? तेव्हा काहीही झालं तरी ये. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. टाळ्या वाजवू नकोस, हसू तर अजिबात नकोस. लहानपणी मला इंजेक्शन देताना "हलू नकोस" म्हणून बघायचीस ना, फक्त तशी बघत बस.