विहिरीत शिकलेलं पोहणं

आप्पा, गेल्या महिन्यात तुमच्या श्राद्धाला मी सगळ्यांसमोर सांगितलं की मालदीवच्या समुद्रात देवमाशाबरोबर पोहून आले. तो देवमासा नव्हता, व्हेल शार्क होता. ट्रॅक्टर-ट्रॉलीएवढा लांब असला तरी तो मासाच. ही चूक साधी आहे. दुसरी साधी नाही. "आप्पांनी विहिरीत शिकवलेलं पोहणं कामी आलं," असंही मी म्हणाले. आईनं डोळे पुसले, म्हणून पुढचं बोललेच नाही. खरं तर त्या समुद्रात मी एका माणसाला बुडवायला निघाले होते.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आता तुमच्याबद्दल एखादं गोड खोटं बोललं तर कुणाचं काय जातंय, असं वाटलं. पण ते वाक्य भावानं मनावर घेतलं. काल त्याचा केंदूरहून फोन. "ताई, रविवारी पोरीला विहिरीत सोडतोय. आप्पांची पद्धत. डबा बी बघून ठिवलाय, खिळ्यानं भोकं पाडायची तेवढी ऱ्हायलीत." मी म्हटलं, "अरे, सहा वर्षांची आहे ती." "मग तू केवढी हुतीस? आन् तूच सांगितलंस की, कामाला आलं म्हणून." मग त्यानं फोन पोरीकडं दिला. तिला भोकांचं काही माहीत नाही. "आत्या, डब्यात हवा असती ना? म्हंजी मी बुडणार न्हाई ना?" मी म्हणाले, "न्हाई बाळा." इकडं भांडगावात नवरा जेवायला हाका मारत होता आणि मी बंद झालेला फोन कानाला लावून उभी.

माझा डबा तेलाचा होता, पत्र्याचा, झाकण डांबरानं बुजवलेलं. तुम्ही तो माझ्या पाठीला आवळून बांधता आणि म्हणता, "ह्यात हवा हाय तवर तुला कोण बुडवत न्हाई." शाळेत जायच्या आधी बाराखडी, पाढे, घड्याळ सगळं मी तुमच्याकडेच शिकले. तुम्ही सांगितलेलं खोटं असू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. गावात सांगतात की आप्पांनी पोरीला ढकललं. मला कुणी ढकललं नाही. मी स्वतः उडी मारली. मग पाठीमागं डब्याच्या भोकांतून बुडबुडे यायला लागले, आणि डबा मला खाली ओढायला लागला. पायरीला हात लावला की तुम्ही टाचेनं माझी बोटं सरकवता. काठावरून कुणीतरी म्हणालं, "आवो आप्पा, पोर जाईल की!" तुम्ही म्हणालात, "जाऊंद्या. एक लगीन वाचल." सगळे हसले. शेवटी तुम्ही मला वेणीला धरून वर घेतलंत, आणि मी पाणी ओकत असताना पाठीत थाप मारलीत. "डबा कवाच भरला हुता, येडे. तूच पवत हुतीस." ही गोष्ट नंतर लग्नांत, पारावर, कुठंही निघायची आणि तुम्ही ती रंगवून सांगायचात. पुढे भावाची पाळी आली तेव्हा त्याच्या डब्याला भोकं पाडली नाहीत. तुम्ही स्वतः पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्याच्या पोटाखाली हात धरलात. "ह्यो एकुलता एक ल्योक हाय," म्हणालात. त्याला छान पोहता येतं. तुमची पद्धत काय होती ते त्यानं फक्त काठावर बसून, हसणाऱ्यांच्या मांडीवरून पाहिलंय.

बोटीवर गाईडनं विचारलं, "मॅडम, स्विमिंग आती है?" मी हो म्हणाले. नवरा म्हणाला, "विहिरीत शिकलीय ती, जॅकेट कशाला?" आणि माझं जॅकेट काढून घेतलं. तोंडात नळी धरायची, चेहरा पाण्यात ठेवायचा आणि निवांत तरंगायचं, एवढंच काम. पण पाण्यात उतरल्यावर माझी मान खाली जाईना. मला हनुवटी वर काढून हातपाय झोडणं तेवढं येतं. गाईडनं माझी मान हलकेच खाली केली. खाली तो मासा जात होता. अंगभर पांढरे ठिपके, दारासारखं उघडलेलं तोंड, माझ्याशी त्याला काही देणंघेणं नाही. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग मानेवरचा हात जाणवला. मी त्या गाईडच्या खांद्यावर चढले, छातीत गुडघे रोवले. तो खाली गेला, वर आला, मी पुन्हा दाबला. "छोड़ो मॅडम, मर जाऊंगा!" वरून नवरा व्हिडिओ काढत ओरडतोय, "अगं, मासा खाली आहे, त्याच्यावर काय बसतेस?" आणि सगळी बोट हसतेय. बोटीवरच्या दोघांनी मिळून माझी बोटं सोडवली. गाईडच्या नाकातून रक्त येत होतं. पोहणारं माणूस असं करत नाही, आप्पा. बुडणारं करतं.

तो व्हिडिओ भावाला पाठवता येईल, पण तोही हसेल. म्हणून समोर जाऊन सांगणार आहे. आईच्या, वहिनीच्या देखत सांगेन की मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं, मी खोटं बोलले. तरी त्यानं ऐकलं नाही तर पोरीला उचलून इकडं घेऊन येईन. माहेर तुटलं तर तुटलं. असं लिहिलं खरं, पण लिहिताना अक्षर वाकडं झालंय. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एवढं कबूल करते. तुम्ही जिवंत असता तर मी गेले नसते. ताप आलाय असा निरोप दिला असता, आणि संध्याकाळी फोन करून विचारलं असतं, पोहली का पोरगी. कंपनीत हाफ डे सांगून ठेवलाय. शनिवारी दुपारी निघते.