सप्टेंबरचं मशीन जूनमध्ये

१४ एप्रिल

घोडा आज पुन्हा जमिनीत गेला! छान पळत होता, नदी ओलांडली, टेकडी चढला — आणि मधेच गडप. जणू खालून कुणी पाय धरून ओढला. मी रिमोट खाली ठेवला नि म्हटलं, "झालं माझं. जनावर गेलं."

मागे मुलाच्या कंपनीतली सगळी माणसं उभी. कुणी ओठ चावतंय, कुणी स्वतःचेच केस ओढतंय. पण बोलायची बंदी! मुलाचा नियमच तो — आई खेळत असताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. मला अक्षर येत नाही. मला जे न वाचता जमेल ते जगात कुणालाही जमेल, असं त्याचं गणित. 'आईची परीक्षा' म्हणतात कंपनीत. मी पास केल्याशिवाय काही दाराबाहेर जात नाही. परीक्षा गेमची असते म्हणे, पण नापास झाल्याचा चेहरा माझाच होतो.

आतापर्यंत तो दुसऱ्यांच्या मशीनसाठी गेम करायचा. आता स्वतःचं मशीन काढतोय. टीव्हीला जोडायचं, काळं, गुळगुळीत. सप्टेंबरात बाजारात येणार.

फोनमध्ये बोललं की फोन लिहून घेतो, म्हणून ही रोजनिशी. काय लिहितो देव जाणे. मला वाचता येत नाही नि दुसऱ्या कुणाला मी वाचू देणार नाही. इतकी खाजगी रोजनिशी राजाचीही नसेल!

१९ एप्रिल

धाकटीच्या दुकानात जाऊन आले. धाकटी म्हणजे माझी लेक. गेमचं दुकान आहे, गल्लीच्या तोंडाशी. पुढे काउंटर, मागे दुरुस्तीचं टेबल. जावईबापू त्यावर वाकलेले, ओठांत दोन स्क्रू. त्यामुळे मला बघून नुसतं हुं केलं. एरवीही तेवढंच करतात.

काचेची पुढची फळी तिनं रिकामी केलीय. पुसून लख्ख. म्हटलं, "अगं, माल कुठाय?"

"दादाचं मशीन येतंय ना सप्टेंबरात. ही जागा त्याची."

समोरच्या कंपनीचंही, म्हणजे मुलाशी टक्कर घेणाऱ्यांचंही, मशीन सप्टेंबरातच येतंय. त्यांचा माणूस आला होता, हीच फळी मागायला. हिनं त्याला चहा पाजून परत पाठवला. एवढंच नाही — शहरातल्या सगळ्या छोट्या दुकानदारांना गोळा करून सांगितलं, पुढची फळी माझ्या भावासाठी ठेवा. ते ऐकतात तिचं. "माझा शब्द आहे म्हटलं, आई. शब्दावर ठेवतायत सगळे."

समोरच्यांच्या मशीनचं चित्र दाखवलं तिनं मला. छे! कपडे धुवायचं यंत्र दिसतं ते. कोण घेणार?

३ मे

जेवताना मुलाला एकच विषय. कोण कसं बुडलं! एका कंपनीनं म्हणे एका गेमच्या इतक्या प्रती काढल्या की खपेनात, शेवटी ट्रकनं नेऊन खड्ड्यात पुरल्या. दुसऱ्या एकानं पुढचं मशीन इतकं आधी जाहीर केलं की हातातलं कुणी घेईना — लोक म्हणाले, थांबू की पुढच्याला! सांगताना हसून ठसका लागला त्याला. मी पाणी दिलं.

"इतकी शहाणी माणसं, आई, आणि साधी गोष्ट कळू नये!"

म्हटलं, घास गिळ आधी.

११ मे

कंपनीत नवा सल्लागार आलाय. मी त्याला चकाकी म्हणते. बूट चकाकतात, दात चकाकतात, बोलणं तर काही विचारू नका. मला म्हणाला, "आजी, तुम्ही आमच्या कंपनीचा आत्मा आहात." म्हटलं, मेल्यावर होईन. सध्या गुडघे दुखतात.

त्याचीच ही अक्कल. जूनमध्ये मोठं प्रदर्शन आहे. तिथे मुलानं मंचावर उभं राहून म्हणायचं — सप्टेंबर कसला, आजच घ्या! सगळे थक्क. समोरचे झोपलेले. आपण चार पावलं पुढे.

पण मशीनं तेवढी तयार कुठायत? तयार आहेत ती फक्त मोठ्या दुकानांना पुरतील. त्यांनाच गुपचूप द्यायची. छोट्यांना मागून.

मुलानं मला बाजूला घेतलं. "आई, धाकटीला एक शब्द सांगायचा नाही. फुटलं तर सगळं गेलं."

म्हटलं, "तिलाही मागून?"

"ती घरचीच आहे. तिला कळेल."

१२ मे

सकाळी चहाच्या वेळी धरलं त्याला.

म्हटलं, बाहेरच्यांना आधी आणि सख्ख्या बहिणीला नंतर, ही कुठली रीत?

तर काय म्हणावं! "तूच शिकवलंस ना? पाहुणे आधी, घरचे मागून."

"ते ताटाचं शिकवलं होतं रे! मशीनचं नव्हे!"

हसला. मला वाटलं पटलं. पटलं नव्हतं. बूट घालायला लागला. उलट म्हणाला, तिला आधी दिलं तर बाकीचे दुकानदार म्हणतील बहिणीला दिलं. म्हणजे घरची म्हणून आधी नाही, आणि घरची म्हणून रागवायचंही नाही! बरी सोय आहे.

आणि मी? मी मान डोलावली. त्याचं मशीन आहे, त्याची माणसं आहेत, माझ्या तोंडून फुटलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल. बसले गप्प.

२० मे

धाकटीचा फोन. गुडघ्यांबद्दल पुष्कळ बोलले. गुडघ्यांबद्दल इतकं बोलण्यासारखं काही नसतं.

२८ मे

पुन्हा दुकानात. नेहमीची गिऱ्हाइकं येऊन नावं नोंदवतायत, सप्टेंबरसाठी. धाकटी प्रत्येकाला सांगते, "माझा भाऊ आहे." न विचारता सांगते! एकानं तर नुसती वायर मागितली होती.

ओठांवर आलं होतं माझ्या. म्हटलं, "सप्टेंबर लांब आहे गं."

"तुला काय घाई? तू तर रोज खेळतेस!"

जावईबापूंनी स्क्रू काढून माझ्याकडे पाहिलं. मग परत ओठांत धरले. त्या माणसाला काहीतरी कळतं, पण तोंड कधी रिकामं नसतं.

६ जून

परीक्षा झालीच नाही. मशीन सुरू केलं तर पडद्यावर नुसती अक्षरं, पानामागून पान. मी बसले बघत. मागे मुलगा म्हणाला, "आई, आज सोड. नंतर दुरुस्त करू." पहिल्यांदा! आणि त्यानं स्वतःच तोंड उघडलं, स्वतःच्याच नियमाविरुद्ध.

गेम किती आहेत म्हणून विचारलं. सगळी इकडेतिकडे बघायला लागली. बाहेरच्या कंपन्या ह्या मशीनसाठी गेम करतायत, पण त्यांनाही सप्टेंबरच सांगितलाय. त्यांनाही कळवलेलं नाही — गुपित ना! मग लोकांनी मशीन घरी नेऊन करायचं काय? आमचेच दोन-तीन गेम. त्यात घोडा.

"घोडा अजून पडतो का रे?"

"कमी पडतो," म्हणाला.

१० जून

प्रदर्शन. झोपायच्या आधी बोलून ठेवते.

मला पुढच्या रांगेत बसवलं. शेजारी धाकटी — नवे कोरे कपडे घालून! आणि मागच्या रांगेत तिचे सगळे छोटे दुकानदार. तिनंच आणले होते, भावाचं कौतुक बघायला. मला वाटलं उठून जावं. गुडघ्यांनी ऐकलं नाही. गुडघ्यांचं नाव सांगते, पण मीच उठले नाही.

मुलगा मंचावर आला. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "सप्टेंबर? कशाला थांबायचं! आजपासून! आत्तापासून!" काय टाळ्या! धाकटीही टाळ्या वाजवत होती. मग पडद्यावर दुकानांच्या पाट्या आल्या, कुठे कुठे मिळेल त्या. मला वाचता येत नाही, पण लेकीच्या दुकानाची पाटी मी ओळखते. ती नव्हती.

तिचे हात टाळीच्या मधेच राहिले. वळली माझ्याकडे.

"तुला माहीत होतं?"

मी मांडीवरची पिशवी सारखी करत बसले.

"आई. माहीत होतं?"

"हो."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ताई, हाच का तुमचा शब्द?" फार हळू म्हणालं. ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

मग समोरच्या कंपनीचा माणूस मंचावर आला. बारका, साधे कपडे. कागद आणला होता, तो खिशात घातला. एवढंच म्हणाला — "आमचं सप्टेंबरातच येईल. सगळ्या दुकानांत. एकाच दिवशी." आणि उतरला!

छोट्या दुकानदारांनी जी टाळी वाजवली — छप्पर उडायचं बाकी होतं.

११ जून

धाकटी फोन उचलत नाही. रागाचं पोतं आहे लहानपणापासून. आठवडाभरात निवळेल.

२३ जून

निवळलं नाही.

स्वतः गेले दुकानात. पुढच्या फळीवर समोरच्यांचं चित्र लागलंय, ते कपडे धुवायच्या यंत्राचं. तिनं मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिली. गिऱ्हाइकाशी जसं नीट बोलतात तसं माझ्याशीही एकदा बोलली — "अजून काही हवंय का?"

यापेक्षा शिव्या दे गं बाई!

जावईबापू रस्त्यापर्यंत सोडायला आले. आज तोंडात स्क्रू नव्हते. म्हणाले, "ती भावावर चिडली नाहीये, आई. दुकानदारांना तोंड दाखवता येत नाही तिला. रोज एकेकाकडे जाऊन माफी मागते. भावाच्या वतीनं."

भावाच्या वतीनं!

१७ जुलै

पहिले काही दिवस मोठ्या दुकानांत उड्या पडल्या, मग सगळं थंड. लोक मशीन घेऊन परत येतात. म्हणतात, खेळायचं काय? बाहेरच्या गेमवाल्यांनी हात वर केले — आम्हाला सप्टेंबर सांगून जूनमध्ये काढता, आता आम्ही समोरच्यांसाठी करू.

आता छोट्या दुकानांना पुरतील एवढी मशीनं तयार झाली. मुलानं खोकी पाठवली. सगळीकडून परत! धाकटीकडचं खोकं तर चिकटपट्टीही न काढता. खोकं नेणाऱ्या माणसाला विचारलं, धाकटी काय म्हणाली. "काही नाही. म्हणाल्या, उन्हात आलास, सरबत घे."

मुलगा म्हणतो, "तू बोल ना तिच्याशी."

म्हटलं, जूनपर्यंत मला गप्प बसवलंस, आता बोल म्हणतोस? मी काय रिमोट आहे, बटण दाबलं की चालू?

वाईट वाटलं त्याला. वाटू दे. मग मलाच वाटलं.

१९ ऑगस्ट

चकाकी सोडून गेला. जाताना म्हणाला, "कल्पना चांगलीच होती, बाजार तयार नव्हता." बाजार म्हणजे काय वरण आहे, तयार व्हायला!

२४ सप्टेंबर

समोरच्यांचं मशीन आलं. धाकटीच्या दुकानापुढे रांग, पार कोपऱ्यावरून वळलेली. कपडे धुवायचं यंत्र कोण घेणार म्हणाले होते ना मी? सगळं जग घेतंय.

संध्याकाळी तिचा फोन आला. जूनपासून पहिला.

"जेवलीस का?"

"जेवते."

"तो?"

"तो नाही जेवत."

मग म्हणाली, गिऱ्हाईक आलंय. ठेवला.

१३ नोव्हेंबर

कंपनी बंद झाली. माझ्यामागे गप्प उभी राहायची ती सगळी माणसं एकेक करून भेटून गेली. घोड्याचा गेम करणारी मुलगी म्हणाली, "आजी, आता पडत नाही तो. कालच सापडली चूक." आणि रडायला लागली. घोडा सुधारला, तबेला गेला!

मुलगा घरात असतो. दार लोटून. मी बाहेरून विचारते, चहा? आतून हुं येतं. जावयासारखा व्हायला लागलाय.

आज मात्र जेवायला बसला. एक घास घेऊन म्हणाला, "आई, मी तिला सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं?"

"थांबवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मग जेवला नाही.

९ डिसेंबर

मुलगा आज धाकटीच्या दुकानात काउंटरमागे उभा होता. तिनं बोलावलं की हा आपणहून गेला, दोघंही सांगत नाहीत. जुन्या मालाच्या फळीवर त्याचं काळं मशीन होतं एक, कुणीतरी परत विकलेलं. एका बाईंनी नेमकं तेच उचललं. मुलीसाठी हवंय, हे स्वस्त पडतंय, कसं आहे म्हणाल्या. धाकटीचं फडकं काचेवर थांबलं. ह्यानं ते मशीन बाईंच्या हातातून घेतलं, जरा पुसलं.

"मशीन फार चांगलं आहे. पण ह्याला आता नवे गेम येणार नाहीत. ते पुढच्या फळीवरचं न्या."

धाकटीनं पिशवी पुढे केली.